आकड्याची उलटतपासणी

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातल्या शंभर औद्योगिक क्षेत्रांना प्रदूषणाचे गुण दिले. या परीक्षेत सत्तरच्या वर गेलेले क्षेत्र अति प्रदूषित समजले जाते. महाराष्ट्रातल्या तारापूर औद्योगिक वसाहतीला मिळाले ९३.६९, म्हणजे देशात सर्वांत जास्त. कुंभवली, कोलवडे, पास्थळ, सालवड ही गावे या वसाहतीला खेटून आहेत. कारखान्यांचे सांडपाणी सामूहिक प्रक्रिया केंद्रातून नवापूरच्या समुद्रात जाते आणि त्या समुद्रावर पोट असलेल्या मच्छीमारांची बाजू घेऊन अखिल भारतीय मांगेला समाज परिषद २०१६ साली राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. इथल्या माणसांच्या आयुष्यात आकडे असे थेट घुसलेले आहेत. विहिरीच्या पाण्यात काय किती, हवेतली धूळ किती, नाल्यात सोडलेल्या पाण्याने मर्यादा किती दिवस ओलांडली, यावर कुणाला दंड होणार आणि कुणाला टँकर मिळणार हे ठरते.

अशा प्रत्येक आकड्यामागे मोजमापांची एक यादी असते आणि त्या यादीवर केलेल्या क्रियांची एक साखळी असते. नोंदी वाचल्या, चुकीच्या वाटल्या त्या वगळल्या, सरासरी काढली, मर्यादेशी ताडून पाहिली. आज ही साखळी संगणकाच्या स्क्रिप्टमध्ये लिहिलेली असते. स्क्रिप्ट म्हणजे एकाखाली एक लिहिलेल्या आज्ञांची साधी मजकूर-फाइल. ती चालवली की उत्तर हातात पडते. या प्रकरणात पाहायचे आहे ते याच्या पुढचे. स्क्रिप्ट चालून संपल्यावर तिथून उठून न जाता तिच्या आतच कसे बसायचे, तिने वाटेत काय काय केले ते तिलाच कसे विचारायचे, आणि हे का करायचे. आकड्यांचे परिणाम ज्यांना सोसावे लागतात, त्यांच्यापैकी कुणाला तरी ही उलटतपासणी यायलाच हवी, असे माझे ठाम मत आहे.

संगणकाशी असा सवालजवाब सुरुवातीपासून करता येत नव्हता. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला. त्या काळची रीत अशी की आज्ञा आणि आकडे कार्डांवर भोके पाडून लिहायचे, कार्डांचा गठ्ठा जमा करायचा आणि छापील कागदावर उत्तर येण्याची वाट पाहायची. एक स्वल्पविराम राहिला तरी गठ्ठा परत, पुन्हा रांग. उत्तर पाहून मनात नवा प्रश्न आला तर तोही नवा गठ्ठा. साहजिकच माणसे मोजकेच प्रश्न विचारत.

अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत जॉन चेंबर्स आणि सहकाऱ्यांनी १९७६ साली 'एस' नावाची भाषा रचायला घेतली ती नेमकी या अडचणीवर. एक ओळ टंकायची, लगेच उत्तर पाहायचे, त्यावरून पुढची ओळ सुचवून घ्यायची. त्याच प्रयोगशाळेत काम करणारे जॉन ट्यूकी तेव्हा सांगत होते की सिद्धान्त तपासण्याआधी आकड्यांकडे नीट बघा, ते काय म्हणतात ते ऐका. त्यांचे या विषयावरचे पुस्तक १९७७चे. पुढे न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी 'एस'च्या वळणावर 'आर' ही भाषा लिहिली. १९९३ साली ती इतरांना दिसली, १९९५ साली मुक्त परवान्याखाली आली, आणि २९ फेब्रुवारी २००० रोजी तिची पहिली पक्की आवृत्ती निघाली. तिला पैसे पडत नाहीत. पुण्याच्या सुधा पुरोहित, शरद गोरे आणि शैलजा देशमुख यांनी २००८ साली 'आर' वापरून संख्याशास्त्र शिकवणारे इंग्रजी पुस्तक लिहिले. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या हातात आज हीच भाषा असते.

आता प्रत्यक्ष कामाकडे. खाली दिलेल्या आज्ञा वाचायला सोपे जावे म्हणून देवनागरीत दिल्या आहेत. कळफलकावर त्या रोमन अक्षरांतच टंकायच्या.

उदाहरणासाठी असे धरा की एका नाल्याच्या पाण्यातील फिनॉलच्या सात दिवसांच्या नोंदी तुमच्याकडे आहेत, लिटरमागे मिलिग्रॅममध्ये: ०.४, बीडीएल, १.८, बीडीएल, ०.६, बीडीएल, १.२. आकडे मी समजावण्यापुरते घेतले आहेत, पण 'बीडीएल' ही खूण प्रयोगशाळेच्या कोणत्याही अहवालात भेटते. उपकरणाला सापडेल त्याहून कमी, असा तिचा अर्थ. तारापूरच्या कारखान्यांत गुणवत्ता तपासणीच्या टेबलावर काम करणाऱ्या मुलामुलींना ती रोजची आहे. पदार्थ नाहीच असे ती म्हणत नाही. असेल, पण आमच्या यंत्राच्या नजरेखाली, एवढेच म्हणते.

या नोंदी 'फिनॉल.सीएसव्ही' या फाइलमध्ये आहेत आणि त्यांची सरासरी काढणारी स्क्रिप्ट 'फिनॉल.आर' या फाइलमध्ये. टर्मिनल, म्हणजे आज्ञा टंकायची खिडकी, उघडले की स्क्रिप्ट चालवण्याचे दोन रस्ते दिसतात. पहिला:

आरस्क्रिप्ट फिनॉल.आर

एंटर दाबताच स्क्रिप्ट वरून खालपर्यंत चालते, उत्तर छापते आणि 'आर' बंद होतो. पडद्यावर १ हा आकडा येतो. फिनॉलची सरासरी १ मिलिग्रॅम. भूपृष्ठावरील पाण्यात सोडण्याच्या सांडपाण्यासाठी फिनॉलची सर्वसाधारण मर्यादाही १ मिलिग्रॅमच आहे. म्हणजे पाणी अगदी काठावर. अहवालात लिहायचे, सही करायची, पुढच्या कामाला लागायचे.

दुसरा रस्ता जरा लांबचा. नुसते 'आर' असे टंकून एंटर दाबा. स्वागताचा मजकूर येऊन जातो आणि डावीकडे एक खूण उभी राहते. तिला प्रॉम्प्ट म्हणतात. यंत्र तुमच्या पुढच्या ओळीची वाट पाहत आहे, हे सांगणारी ही खूण. तिथे टंका:

> सोर्स("फिनॉल.आर", एको = ट्रू)

'सोर्स'मुळे तीच स्क्रिप्ट तशीच चालते. 'एको' लावल्यामुळे प्रत्येक ओळ आधी पडद्यावर उमटते आणि मग तिचे उत्तर, त्यामुळे कोणत्या ओळीने काय केले ते डोळ्यांसमोरून जाते. शेवटी तेच उत्तर येते, १. पण आता 'आर' बंद झालेला नसतो. प्रॉम्प्ट परत येतो आणि स्क्रिप्टने तयार केलेली प्रत्येक गोष्ट, वाचलेला तक्ता, गाळलेले आकडे, सरासरी, सगळे जिवंत असते. त्याला विचारता येते. सरासरीसाठी घेतलेले आकडे स्क्रिप्टने 'वापरलेले' या नावाखाली ठेवले आहेत. पहिला प्रश्न नेहमी सर्वांत साधा असावा: सरासरी किती आकड्यांची काढलीस?

> लेंग्थ(वापरलेले)
४

नोंदी सात आणि सरासरी चारांची. पाणी मुरते ते इथे. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने 'बीडीएल' हा शब्द अंकात बदलायला सांगितला, यंत्राला ते जमले नाही, त्याने त्या जागी 'एनए' म्हणजे 'माहीत नाही' अशी खूण ठेवली, आणि पुढच्या ओळीने सगळे 'एनए' गाळून टाकले. सात दिवसांतले तीन सर्वांत स्वच्छ दिवस सरासरीतून गेले. उरलेल्या चारांची बेरीज ४, सरासरी १. बीडीएलच्या जागी शून्य धरले असते तर सरासरी सुमारे ०.५७. उपकरणाची क्षमता ०.१ धरून तिच्या निम्मे, म्हणजे ०.०५ घातले असते तर सुमारे ०.५९. मध्यक विचारला तर त्याचे उत्तर आणखी निराळे आणि जास्त विश्वासाचे. सात आकडे चढत्या क्रमाने लावले की पहिल्या तीन जागा बीडीएलच्या, चौथी ०.४ची. बीडीएलच्या जागी ०.१च्या आतला कोणताही आकडा घाला, मध्यक ०.४च राहतो. एकाच पाण्याचे हे चार आकडे एका प्रॉम्प्टवर चार ओळींत मिळाले. त्यातला कोणता अहवालात जावा हा माणसाने विचार करून घेण्याचा निर्णय आहे. आरस्क्रिप्टच्या रस्त्याने गेलेल्या माणसापुढे असा काही निर्णय होता हेच आले नसते.

याच बीडीएलने 'आर'च्या जुन्या आवृत्त्यांत याहून वाईट घोटाळा होत असे आणि तो उलगडून सांगण्यासारखा आहे. २४ एप्रिल २०२० रोजी आलेल्या ४.०.० आवृत्तीच्या आधी, स्तंभात एक जरी शब्द असला तरी 'आर' तो सगळा स्तंभ आपोआप वर्गांच्या यादीत बदलून टाकत असे. यादी अक्षरांच्या क्रमाने लागे: ०.४ हा पहिला वर्ग, ०.६ दुसरा, १.२ तिसरा, १.८ चौथा आणि बीडीएल पाचवा. मग कुणी हा स्तंभ अंकात बदलायला सांगितला की मोजमापांऐवजी वर्गांचे क्रमांक हाती येत, तेही कोणत्याही इशाऱ्याविना. आपल्या सात दिवसांचे होत १, ५, ४, ५, २, ५, ३. सरासरी सुमारे ३.५७. ज्या दिवशी पाण्यात काहीच सापडले नाही तो दिवस सर्वांत घाणेरडा ठरे आणि नाला मर्यादेच्या साडेतीनपट वर जाई. जुन्या संगणकांवर जुनी आवृत्ती अजून चालू असते. प्रॉम्प्टवर स्तंभाचे नाव टंकून एंटर दाबले की हा घोटाळा क्षणात दिसतो, कारण आकड्यांच्या खाली वर्गांची यादी छापून येते. रात्री आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये तो महिनोन्महिने दिसणार नाही.

'आर'ला स्वतःलाही समोर माणूस आहे की नाही हे कळते, आणि त्याप्रमाणे तो वागणे बदलतो. 'इंटरॅक्टिव्ह()' असे विचारले तर प्रॉम्प्टवर 'ट्रू' म्हणतो, आरस्क्रिप्टमध्ये 'फॉल्स'. माणूस समोर असेल आणि चूक झाली तर चूक सांगून प्रॉम्प्टवर परत येतो. नसेल तर तिथेच काम सोडून बंद होतो. माणूस असेल तर आलेख खिडकीत दाखवतो. नसेल तर 'आरप्लॉट्स.पीडीएफ' नावाची फाइल गुपचूप फोल्डरमध्ये टाकतो, म्हणून ही फाइल कुठून आली असा प्रश्न नवख्यांना पडतो. इशारे उत्तराच्या वाटेने येत नाहीत, ते चुकांच्या वाटेने बाहेर पडतात. त्यामुळे रात्रीच्या स्क्रिप्टचे उत्तर तेवढे फाइलमध्ये वळवले असेल तर इशारा त्या फाइलमध्ये कधीच पोचत नाही. 'आर सीएमडी बॅच' ही जुनी आज्ञा या बाबतीत जास्त प्रामाणिक आहे. ती आज्ञा, उत्तरे, इशारे असे सगळे एकाच फाइलमध्ये लिहून ठेवते.

सर्वांत फसवा फरक आहे 'रीडलाइन'चा. स्क्रिप्टने मध्येच थांबून वापरणाऱ्याला काही विचारावे, यासाठी ही आज्ञा. तिचा घोळ समजायला पैशांचेच उदाहरण घेऊ. नियम मोडणाऱ्या कारखान्याकडून घ्यायच्या पर्यावरण भरपाईसाठी केंद्रीय मंडळाचे एक सूत्र आहे, पाच गोष्टींचा गुणाकार. पहिली प्रदूषण निर्देशांक, तो लाल गटातील उद्योगाला ८०, नारिंगीला ५०, हिरव्याला ३०. दुसरी उल्लंघनाचे दिवस. तिसरी रुपयांचा गुणक, १०० ते ५००च्या दरम्यान, सर्वसाधारणपणे २५०. चौथी उद्योगाचा आकार, लहानाला ०.५, मध्यमाला १, मोठ्याला १.५. पाचवी जवळच्या वस्तीच्या लोकसंख्येवरून ठरणारा गुणक, दहा लाखांखालील वस्तीला १. लाल गटातला लहान कारखाना शंभर दिवस नियम मोडत राहिला तर ८० गुणिले १०० गुणिले २५० गुणिले ०.५, म्हणजे दहा लाख रुपये. दिवसाला दहा हजार.

आता समजा हे सूत्र कुणी स्क्रिप्टमध्ये घातले आणि 'उल्लंघनाचे दिवस किती?' हे रीडलाइनने विचारले. दिवस कुणी दिलेच नाहीत तर ३० धरावेत, अशीही सोय करून ठेवली. प्रॉम्प्टवर ही स्क्रिप्ट छान चालते. थांबते, विचारते, तुम्ही १०० टंकता, दहा लाख येतात. आरस्क्रिप्टने चालवली की रीडलाइन थांबतच नाही. समोर कुणी नाही असे समजून ती रिकामे उत्तर स्वीकारते आणि पुढे जाते. दिवस ३०, भरपाई तीन लाख. प्रश्नाचा मजकूर पडद्यावर उमटतो, त्यामुळे सगळे रीतसर झाल्यासारखे वाटते. सात लाखांचा फरक पडला आणि एकही लाल अक्षर दिसले नाही.

यावर दोन उपाय आहेत. आरस्क्रिप्टमध्येच माणसाला थांबून विचारायचे असेल तर रीडलाइन सोडून 'फाइल("एसटीडीआयएन")' मधून ओळ वाचायला सांगा. ती खरोखर कळफलकाची वाट पाहते. याहून मला पटलेला उपाय असा की असे आकडे विचारायचेच नाहीत, आज्ञेच्या ओळीतच द्यायचे: आरस्क्रिप्ट भरपाई.आर १००. स्क्रिप्टमध्ये 'कमांडआर्ग्स' हा आकडा उचलते, आणि तो दिलेला नसेल तर तिने मोठ्याने अडावे, स्वतःच्या मनाने ३० धरू नये. जिथे दंड किंवा भरपाई ठरते तिथे गृहीत धरलेला आकडा ठेवणे मला चुकीचेच वाटते.

सूत्र प्रॉम्प्टवर घेऊन बसले की आणखी एक गोष्ट ध्यानात येते. दिवस तेच ठेवून रुपयांचा गुणक १०० केला तर भरपाई चार लाख, ५०० केला तर वीस लाख. कारखान्याने काय केले ते तसूभर बदललेले नाही, तरी रक्कम पाचपट झाली. सुनावणीत दिवसांच्या मोजणीवर वाद घालायचा की गुणकाच्या निवडीवर, हे या दोन ओळींनंतर सांगता येते.

बहुतेकांना हवे असते ते या दोन्ही रस्त्यांच्या मधले काहीतरी: टर्मिनलवर एकच ओळ टंकावी, स्क्रिप्ट चालावी आणि शेवटी प्रॉम्प्ट हातात राहावा. पायथनमध्ये हे सोपे आहे. 'पायथन' आणि फाइलचे नाव यांच्यामध्ये उणे चिन्ह आणि 'आय' लावले की झाले. ज्युलियातही तसेच, ऑक्टेव्हमध्ये 'पर्सिस्ट' हा शब्द. 'आर'मध्ये अशी सरळ सोय नाही. लिनक्सवर एक आडवाट आहे. 'आर' सुरू होताना वापरणाऱ्याची एक तयारीची फाइल आधी वाचतो. ती कोणती हे 'आर_प्रोफाइल_यूझर' या नावात सांगता येते. तिथे आपली स्क्रिप्ट द्यायची:

आर_प्रोफाइल_यूझर=फिनॉल.आर आर

स्क्रिप्ट चालते आणि प्रॉम्प्ट उघडा राहतो. पण या वाटेवर एक खड्डा आहे. ही फाइल वाचली जाते तेव्हा नेहमीची पॅकेजेस अजून जोडलेली नसतात. 'मीन' मूळ गाभ्यात असल्यामुळे चालते, 'मीडियन' मात्र 'स्टॅट्स' पॅकेजमधले आणि 'रीड.सीएसव्ही' 'यूटिल्स'मधले. त्यांना हाक मारली की असे फंक्शन सापडत नाही म्हणून तक्रार येते, आणि सोर्सने चालणारी स्क्रिप्ट इथे अडली पाहून माणूस गोंधळतो. पॅकेजचे नाव पुढे लावून, दोनदा अपूर्णविराम देऊन हाक मारली की काम होते. एवढी यातायात करण्यापेक्षा 'आर' उघडून सोर्स म्हणणे मला बरे वाटते. एक ओळ जास्त टंकावी लागते इतकेच.

स्क्रिप्ट मध्येच कोसळते तेव्हाही आत शिरता येते. प्रॉम्प्टवर आधी 'ऑप्शन्स(एरर = रिकव्हर)' असे सांगून ठेवले तर चूक होताच 'आर' विचारतो की कोणत्या पायरीत उतरू. पायरी निवडली की त्या क्षणी तिथे जे आकडे होते ते तसेच समोर असतात. रात्री एकटी चालणारी स्क्रिप्ट असेल तर तिला 'डंप.फ्रेम्स' सांगून ठेवावे. कोसळण्याच्या क्षणीची स्थिती ती फाइलमध्ये ठेवते आणि सकाळी 'डीबगर' लावून ती उघडून पाहता येते. वर्षभराच्या शेकडो फाइली वाचताना त्यातल्या एकाच फाइलमध्ये तारीख उलटी लिहिलेली असते, ती शोधायला याच्याइतके चांगले साधन नाही.

सवालजवाबाच्या या पद्धतीला एक मोठा धोका आहे आणि तो न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. प्रॉम्प्टवर टंकलेले जिवंत राहते, तसेच विसरलेलेही जिवंत राहते. सकाळी समुद्रात सोडलेल्या पाण्याचे आकडे पाहताना तुम्ही 'मर्यादा <- ५' असे टंकलेत, कारण समुद्रात सोडण्याच्या सांडपाण्यासाठी फिनॉलची सर्वसाधारण मर्यादा ५ आहे. दुपारी त्याच बैठकीत नाल्याची स्क्रिप्ट चालवली. तिच्यात मर्यादा लिहायची राहून गेली आहे. खरे तर तिने अडायला हवे होते, पण तिला सकाळची ५ सापडते आणि ती मुकाट्याने ती वापरते. आपल्या सात दिवसांत १च्या मर्यादेने दोन दिवस उल्लंघनाचे ठरले असते, १.८चा आणि १.२चा. ५ने एकही नाही. त्यात भर अशी की बाहेर पडताना 'आर' विचारतो, कामाची जागा जतन करू का? हो म्हटले की सगळे एका लपलेल्या फाइलमध्ये जाते आणि दुसऱ्या दिवशी त्याच फोल्डरमध्ये 'आर' उघडला की परत येते. सकाळची ५ आता कायमची मुक्कामाला. म्हणून 'आर' उघडतानाच 'नो-सेव्ह' आणि 'नो-रिस्टोअर' लावायची सवय ठेवावी.

प्रॉम्प्टवर उमगलेली प्रत्येक गोष्ट स्क्रिप्टमध्ये परत लिहायची. बीडीएलचे काय करायचे ते ठरले, स्क्रिप्टमध्ये ओळ लिहा आणि तिच्या वर कारण लिहा. मग 'आर' बंद करा आणि कोऱ्या पाटीवर आरस्क्रिप्टने तीच स्क्रिप्ट चालवा. तुमच्या डोक्यात असलेले पण कागदावर न आलेले काहीही तिला ठाऊक नसते, म्हणून उत्तर जुळले तरच काम पुरे. या दोन रस्त्यांत कोणता चांगला असा वाद घालणारे लोक भेटतात. मला तो वादच पटत नाही. शोधायला प्रॉम्प्ट हवा आणि शोधलेले सिद्ध करायला आरस्क्रिप्ट.

हे सारे करायला महागडा संगणक लागत नाही. टर्मिनलवरचा 'आर' जुन्या लॅपटॉपवरही चालतो, आणि एकदा उतरवून घेतला की इंटरनेटही लागत नाही. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठी आवाजात विनामूल्य मिळतात. टर्मिनलची भीती घालवायला तेवढे बस्स होतात. औषधांच्या चाचण्यांचे आकडे हाताळणाऱ्या संख्याशास्त्रीय प्रोग्रामरांना पुण्या-मुंबईत मागणी आहे आणि त्यांचे रोजचे काम याच जातीचे असते. तारापूर वसाहतीजवळच्या बोईसरहून लोकल पकडून रोज नोकरीला जाणाऱ्या पदवीधरांनी हा धंदा पाहून ठेवावा.

शेवटचे उदाहरण विहिरींचे, हेही समजावण्यापुरते. नाल्याजवळच्या आठ विहिरींपैकी सहांचे पाणी बिघडलेले आणि लांबच्या आठांपैकी एकीचे. हा फरक निव्वळ योगायोगाने पडू शकतो का? इतक्या कमी संख्येसाठी फिशरची अचूक चाचणी वापरतात. 'आर'मध्ये ती एका आज्ञेत होते. दोन बाय दोनपेक्षा मोठ्या तक्त्यांसाठी हीच आज्ञा आतून जी गणनपद्धत वापरते, ती सायरस मेहता आणि नितीन पटेल यांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीवर उभी आहे. या जोडीनेच पुढे अचूक चाचण्यांची सायटेल ही कंपनी काढली. आपला तक्ता लहान आहे. प्रॉम्प्टवर टंकले:

> फिशर.टेस्ट(विहिरी)

संभाव्यता येते सुमारे ०.०४१. पाच टक्क्यांच्या रूढ रेषेच्या आत, म्हणजे योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. आरस्क्रिप्टचा अहवाल इथे संपतो. प्रॉम्प्टवर मात्र वरचा बाण दाबून आधीच्या ओळी परत आणता येतात. नाल्याजवळच्या बिघडलेल्या विहिरी सहाऐवजी पाच करा, चांगल्या तीन. एंटर. सुमारे ०.११९. एका विहिरीने निष्कर्ष उलटला.

म्हणजे गावाचे म्हणणे खोटे पडले असे नाही. सोळा विहिरींवर एवढा भार पेलत नाही, आणि सहांपैकी जिचा आकडा मर्यादेला अगदी चिकटून आहे तिचा नमुना पुन्हा घेतला पाहिजे, हे कळले. कोणती ते तक्ता क्रमाने लावून लगेच सांगता येते. तिचे नाव, नमुना घेतल्याची तारीख आणि दोन्ही संभाव्यता स्क्रिप्टच्या माथ्यावर लिहून ठेवायच्या, लांबच्या आणि जवळच्या आणखी विहिरी यादीत घ्यायच्या, आणि नव्या बाटल्यांचे निकाल आले की फाइलमध्ये ओळी वाढवून पुन्हा सोर्स म्हणायचे.